गोण्या भरल्या, पुढे काय? किनारा सफाईवर वाचकांचे प्रश्न

सप्टेंबरचा तिसरा शनिवार म्हणजे जगभर किनारा सफाईचा दिवस आणि त्याच्याच पुढेमागे आपल्याकडे गणपती, त्यामुळे या दिवसांत समुद्राबद्दलची पत्रं आणि मेल नेहमीच ढिगाने येतात. त्यातली थोडी घेतलीत. काही उत्तरं लांबलीत, काही चार ओळींत उरकलीत, तिथे सांगायचं तेवढंच होतं.

प्रश्न: दर पावसाळ्यात बातमी येते की समुद्राने मुंबईकरांचा कचरा मुंबईकरांना परत केला. दादर, माहीम, वर्सोवा, सगळीकडे ढीग. रविवारी पोरं जिथे राबतात तिथेच पुढच्या भरतीला पुन्हा तेच. मग हे सगळं फोटोपुरतं नाही का? राग मानू नका.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: राग कसला, हा प्रश्न किनाऱ्यावर वाकून कचरा उचलणाऱ्या प्रत्येकाच्या मनात दर रविवारी येतोच. वर्सोव्याचंच बघा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी तिथे शेजारच्या ८४ वर्षांच्या आजोबांना सोबत घेऊन सुरुवात केली, म्हणजे पहिल्या दिवशी माणसं दोन आणि समोर काही ठिकाणी कमरेपर्यंत साचलेलं प्लास्टिक. मग सोसायटीतले आले, कोळीवाड्यातले आले, शाळा-कॉलेजं आली, शनिवार-रविवार ठरून गेला. २०१६ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना पुरस्कार दिला, मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली आणि सगळ्या पेपरांत फोटो आले. इथवर सगळ्यांना माहितीये. पण त्या वर्षीही आणि त्यानंतरही प्रत्येक पावसाळ्यात तिथे कचरा आलाच, आणि ती माणसं पुन्हा आलीच. रोज घासलेली भांडी रोज खरकटी होतात म्हणून घासायचं कोणी सोडत नाही.

आता उपयोगाचं बोलू. प्लास्टिक समुद्रात तरंगताना जेवढं खराब होतं त्यापेक्षा जास्त जलद ते किनाऱ्यावर खराब होतं, कारण वाळू तापते, ऊन थेट लागतं, लाटा घासतात, मग ते ठिसूळ होऊन तुटत जातं. एक अख्खी बाटली तुम्ही आज उचलली तर एक वस्तू उचलली, तीच दोन उन्हाळे राहिली तर तिचे किती तुकडे होतील देव जाणे, आणि तांदळाच्या कण्यांएवढा तुकडा वाळूतून कोणी वेचू शकत नाही, तो मग शिंपल्यात जातो, माशात जातो, शेवटी आपल्याच ताटात. त्यामुळे उद्या नवीन कचरा येणार असला तरी आज उचललेला फुकट जात नाही.

फोटोचं मात्र तुमचं बरोबर आहे. वर्षातून एकदा बॅनर, टोप्या, पाहुणे आणि शेवटी पाण्याच्या दोनशे छोट्या बाटल्या तिथेच, असे कार्यक्रम आम्हीही बघतो आणि आम्हालाही वैताग येतो. ज्यांना खरंच काही करायचंय त्यांनी एकच तुकडा धरावा, दोनशे मीटरचा का असेना, आणि महिन्यातून एकदा वर्षभर तिथेच जावं, म्हणजे कुठल्या महिन्यात काय येतं, कुठल्या नाल्यातून येतं, हे कळायला लागतं. आणि हो, मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्या आणि शहरातले नाले हाच कचऱ्याचा मोठा रस्ता आहे, पालिकेने काही नाल्यांच्या तोंडाशी तरंगते अडसर लावलेत ते याचसाठी. डोंबिवलीचे नालेसुद्धा उल्हास खाडीतूनच समुद्राला मिळतात बरं का, म्हणजे तुम्हाला वर्सोव्यापर्यंत यायचीही गरज नाही.

प्रश्न: आमच्या कॉलेजचं एनएसएस युनिट पहिल्यांदाच बीच क्लीनिंग करणार आहे, मुलंमुली भरपूर येतील. काय उचलायचं, काय नाही, किती वाजता जायचं, कोणीच नीट सांगत नाही. सर म्हणाले जेसीबी पण मिळेल.
— द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: पहिलं म्हणजे जेसीबीला नको सांग. तो कचऱ्यासोबत वाळू ओरबाडतो, खेकड्यांची बिळं दाबतो, आणि नोव्हेंबरपासून पुढे कासवांचा हंगाम असतो तेव्हा वाळूत अंडी असतील तर ती गेलीच. शिवाय वाळूच्या वरच्या अंगाला जी जांभळ्या फुलांची वेल पसरलेली असते ना, मर्यादवेल, ती झाडझाडोरा समजून लोक उपटतात, ती वाळू धरून ठेवते, तिला हात लावू नका. वाहून आलेलं शेवाळ, शंख-शिंपले, लाकडाचे ओंडके, नारळाच्या करवंट्या हा कचरा नाहीच, तिथल्या किड्या-खेकड्यांचं ते घर आणि जेवण आहे. किनारा अंगणासारखा चकाचक दिसायला पाहिजे हा हट्ट सोडलात की निम्मं काम योग्य झालं.

वेळेचं असं आहे की भरती उतरायला लागली की जायचं, म्हणजे सगळ्यात वरच्या भरतीची जी रेघ असते तिथे कचरा लागलेला सापडतो आणि तुमच्याकडे तासदोन तास निवांत असतात. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ येते, चतुर्थीला चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. हा हिशोब मुंबईला बऱ्यापैकी बसतो, तुमच्याकडे वेळ थोडी मागेपुढे होईल, तेव्हा तिथल्याच बंदरावर कोणाला तरी विचारा, ते तुम्हाला मिनिटांत सांगतील आणि ओळखही होईल. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी मुलांना घेऊन अजिबात जाऊ नका, आणि एकाने फक्त पाण्याकडे लक्ष ठेवायचं, त्याला दुसरं काम द्यायचं नाही.

हातमोजे जाड, पायात बूट, चप्पल नाही. सुई, सिरिंज, फुटकी काच यासाठी वेगळा झाकणाचा डबा. बंद ड्रम किंवा कॅन सापडला तर उघडून वास घ्यायचा नाही, पोलिसांना कळवायचं. पावसाळ्याच्या तोंडाला काळे चिकट डांबरासारखे गोळे येतात ते समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाचे असतात, उघड्या हाताने धरू नका, पायाला लागलंच तर खोबरेल तेलाने निघतं. कचऱ्यासाठी नवीन काळ्या पिशव्या विकत घेऊ नका, तांदळाच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्या गावात हव्या तेवढ्या मिळतात.

अजून एक, आणि हे सरांना नक्की दाखव. किती किलो उचललं यापेक्षा काय काय उचललं ते लिहा, कारण ओली वाळू भरलेली गोणी वजनाला भारी होते आणि त्या आकड्यातून काहीच कळत नाही. हा आंतरराष्ट्रीय किनारा सफाई दिवस १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाला, तेव्हापासून त्यात उचललेल्या वस्तूंची नोंद करायची पद्धत आहे. वर्षानुवर्षं त्या यादीत सिगारेटची थोटकं पहिली असायची, २०१९ च्या सफाईत पहिल्यांदा खाऊच्या पुड्यांची वेष्टनं त्यांच्या पुढे गेली. मोजलं नसतं तर हे कळलंच नसतं. तुमच्या इथे पहिला नंबर कशाचा लागतो ते आम्हाला लिहून पाठव, छापू.

प्रश्न: जुहूला मुलाच्या पायाला निळ्या फुग्यासारखं काहीतरी चिकटलं आणि तो रडून रडून हैराण. कचरा समजून तो ते उचलायला गेला होता.
— एक आई, अंधेरी

उत्तर: ते ब्लू बॉटल, जेलीफिशसारखे डंख मारणारे समुद्री जीव, पावसाळ्यात वाऱ्याबरोबर मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. मेलेलं दिसलं तरी त्याचे दोरे डंख मारतात. चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, दोरा चिमट्याने किंवा जुन्या कार्डाने काढायचा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा. श्वासाचा त्रास, उलटी, चक्कर असं काही झालं तर थेट हॉस्पिटल. लहान मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये सफाईला न्यायचं असेल तर बंद बूट घालूनच.

प्रश्न: आम्ही मित्रांनी मिळून एक किनारा साफ केला, गोण्या भरून रस्त्याच्या कडेला लावल्या, गाडी येणार असं सांगितलं होतं. आठवड्याने गेलो तर अर्ध्या गोण्या कुत्र्यांनी फाडलेल्या आणि अर्ध्या कोणीतरी तिथेच पेटवून दिलेल्या. आता ग्रुपमधले निम्मे म्हणतात परत येणार नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर आश्चर्य वाटलं नाही. सफाईचा कार्यक्रम करणाऱ्या बहुतेकांना वाटतं की गोणी बांधली की काम संपलं, पण खरी डोकेदुखी तिथून सुरू होते, म्हणून आम्ही तर म्हणू की गाडीची तारीख, वेळ आणि कचरा कुठल्या केंद्रावर जाणार हे पक्कं झाल्याशिवाय कार्यक्रमाची तारीख लावूच नका. तोंडी शब्दावर विसंबू नका. ग्रामपंचायत असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या, सहीचं पत्र घ्या, शहर असेल तर वॉर्डच्या घनकचरा विभागाला लेखी द्या आणि शिक्का मारून पोच घ्या. नाहीतर टेम्पोचे पैसे आधीच काढून ठेवा.

दुसरं असं की किनाऱ्यावरचं प्लास्टिक घरच्या प्लास्टिकसारखं नसतं. घरची बाटली भंगारवाला आनंदाने नेतो, पण मीठ, वाळू आणि शेवाळ लागलेली, उन्हाने पांढरी पडलेली बाटली त्याला नको असते. म्हणून जागेवरच वेगळं करा. बाटल्या, जाड डबे, जाळ्याला बांधायचे प्लास्टिकचे फुगे, रबरी चपला, काच, थर्मोकोल, वेष्टनं. यातल्या पहिल्या दोन-तीन गोष्टी धुऊन वाळवल्या तर विकल्या जातात. चपलांचं आणि थर्मोकोलचं गिऱ्हाईक शोधावं लागतं. आणि वेष्टनं म्हणजे चिप्सचे पुडे, शाम्पूचे सॅशे, गुटख्याच्या पुड्या, यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांना असे चिकटवलेले असतात की वेगळे करता येत नाहीत, म्हणून त्यांना भंगारात शून्य किंमत, म्हणून कोणी वेचत नाही, म्हणूनच ते सगळे समुद्रावर. फार तर सिमेंटच्या भट्टीत जाळण म्हणून जातात, तेही वाळू-मीठ फार असेल तर सहज घेत नाहीत.

इथे मला वाटतं ते स्पष्ट सांगतो. हा माल ज्यांनी बाजारात आणला त्यांच्यावर तो परत गोळा करायची जबाबदारी २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनीच टाकलीये. तर ग्रुपमधल्या दोघातिघांना हेच काम द्या, की वेष्टनं ब्रँडप्रमाणे वेगळी करून मोजायची, फोटो काढायचे, आणि ती यादी त्या कंपन्यांना, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि स्थानिक पेपरला पाठवायची. गोणी उचलण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे, टाळ्या मिळत नाहीत, पण स्वयंसेवकांकडे एक गोष्ट अशी असते जी सरकारकडेही नसते, ती म्हणजे त्या किनाऱ्यावर नेमकं काय पडलंय याची नोंद, ती फुकट घालवू नका. जे येणार नाही म्हणताहेत त्यांना मोजणीला बोलवा, पाठदुखीवालेही येतील.

प्रश्न: सफाईला येणारे शहरातले लोक आमच्याकडे असं बघतात की जणू समुद्र आम्हीच घाण केला. जाळी टाकता म्हणे. आमच्या डोलीत म्हावऱ्यापेक्षा प्लास्टिक जास्त येतं, ते निवडण्यात बायकांचा दिवस जातो, त्याचं कोणी बोलत नाही.
— कोळीवाड्यातला एक वाचक, उरण

उत्तर: दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के छापायलाच हवं होतं म्हणून जसंच्या तसं छापलं. डोल ही खाडीच्या तोंडाशी ओढीच्या पाण्यात लावलेली पिशवीसारखी जाळी, तिच्यात प्रवाह जे आणेल ते येतं, आणि शहरांच्या खाड्या काय आणतात ते तुम्हाला आम्ही काय सांगणार. पण थोडं आपलंही बोलू. नायलॉनची जाळी तुटून समुद्रात राहिली की ती वर्षानुवर्षं कुजत नाही आणि रिकामी असली तरी मासे, खेकडे, कासवं मारत राहते, शेवटी नुकसान मासेमारीचंच. फाटलेल्या जाळ्याचे कापलेले तुकडे होडीवरून खाली न टाकता बंदरावर आणायचे एवढं मच्छीमार सोसायटीने ठरवलं तरी खूप झालं, फक्त ते टाकायला बंदरावर जागा पाहिजे, आणि ती मागायचा तुमचा हक्क आहे.

केरळने याचा एक चांगला नमुना करून दाखवलाय. कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरावर २०१७ मध्ये ‘शुचित्व सागरम’ नावाने काम सुरू झालं, ट्रॉलरवाल्यांना पिशव्या दिल्या, जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत पाण्यात न टाकता ते बंदरावर आणायला लागले, तिथल्या बायकांना ते निवडण्याचं, धुण्याचं पगारी काम मिळालं, आणि त्याचा बारीक चुरा डांबरी रस्त्यांत वापरला गेला. लक्षात घ्या, पगारी. तुमच्या घरच्या बायका जे फुकट करताहेत ते तिथे काम म्हणून मोजलं गेलं. महाराष्ट्रात अशी मागणी करायची असेल तर मच्छीमार सोसायटीच्या ठरावापासून सुरुवात होते.

आणि एक, तुमच्या भागात माहिती नसेल तर सांगा सगळ्यांना. जाळ्यात कासव, डॉल्फिन, बहिरी (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव अडकला आणि त्याला सोडायला जाळी कापावी लागली तर राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देतं, डिसेंबर २०१८ मध्ये तसा निर्णय झालाय. मोबाईलवर फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवायचा, मत्स्य विभाग आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष ते बघतात. शहरातल्या माणसांनी सफाईवरून तुम्हाला बोल लावले तर हे त्यांना ऐकवा, स्वतःची जाळी कापून जीव सोडणाऱ्याएवढा मोठा स्वयंसेवक कोण.

प्रश्न: युट्यूबवर बघितलं की पॅसिफिक महासागरात दोन जहाजं मोठी जाळी ओढून टनावारी प्लास्टिक काढतात. अरबी समुद्रात असं मशीन का नाही लावत? लोकांना हाताने का वेचायला लावता?
— एक वाचक, पुणे

उत्तर: ते ‘द ओशन क्लीनअप’चं काम, बोयान स्लॅट या डच तरुणाने २०१३ मध्ये ती संस्था काढली. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधे प्रवाहांमुळे कचरा गोल फिरत एका पट्ट्यात साचतो, तिथे ते जाळं लावतात. आपल्याकडे तसा कायमचा पट्टा नाहीये कारण मोसमी वाऱ्यांबरोबर अरबी समुद्राचे प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतात, त्यामुळे बराचसा कचरा फिरून किनाऱ्यालाच लागतो, म्हणजे जहाज पाठवून शोधायची गरज नाही, तो स्वतःच चालत येतो. शिवाय पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे बारीक जीवही जाळ्यात येतात अशी काही सागरी अभ्यासकांची हरकत आहे. त्याच संस्थेने नद्यांच्या तोंडाशी कचरा अडवायची यंत्रंही बनवलीत, ते आपल्याला जास्त कामाचं. पुण्यातून बघायचं तर मुळा-मुठा भीमेतून कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, म्हणजे तुमचा पुडा आंध्रात जाऊन समुद्रात पडतो.

प्रश्न: विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी किनारा सफाई करावी का? मूर्तीचे भाग उचलताना लोक भांडायला येतात.
— मंडळाचा कार्यकर्ता, गिरगाव

उत्तर: करा, पण मंडळाच्याच पोरांनी करा, बाहेरच्यांनी केलं की भांडण. भंगलेले भाग गोणीत कोंबू नका, कापडावर किंवा चादरीत आदराने उचला, पालिकेची वेगळी गाडी असते तिच्यातच द्या, आणि शूटिंग कोणालाही करू देऊ नका. निर्माल्यातून हार काढताना प्लास्टिकची फुलं, थर्मोकोल आणि दोरे आधी वेगळे करा, नाहीतर खत होत नाही. पुढच्या वर्षी मूर्ती शाडूची किंवा विसर्जन कृत्रिम तलावात, हे बोलायची वेळ आता आहे, ऑर्डर दिल्यावर नाही.

प्रश्न: पावसाळ्यात किनाऱ्यावर मोठं कासव पडलेलं दिसलं, जिवंत होतं, आम्ही चौघांनी उचलून पाण्यात सोडलं. बरोबर केलं ना?
— एक वाचक, पालघर

उत्तर: मन चांगलं होतं, पण पुढच्या वेळी तसं करू नका. धडधाकट कासव उगाच वाळूवर येऊन पडत नाही, अंडी घालायला आलेली मादी सोडली तर. पावसाळ्यात असं सापडलेलं कासव बहुतेक वेळा जखमी, जाळ्यात हात-पाय कापलेलं किंवा आजारी असतं, पाण्यात सोडलं तर दमून बुडतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकातोंडावर पाणी ओतू नका, गर्दी हटवा, कुत्री लांब ठेवा, आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. तुमच्याच जिल्ह्यात डहाणूला समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, तिथे पोचवायची व्यवस्था होते. कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा घरी नेऊन टबमध्ये ठेवणं वगैरे प्रकार तर अजिबातच नाही.

प्रश्न: मुलांना कासवांची पिल्लं दाखवायची आहेत. वेळासला कधी जावं? आणि तिथे जाऊन काही मदतही करता येईल का?
— एक कुटुंब, नाशिक

उत्तर: वेळास मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी पळवली जातात हे कळलं, मग गावातल्याच माणसांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात झाली आणि २००६ पासून कासव महोत्सव. पूर्वी जे अंडी काढायचे त्यातलेही काही राखणीला लागले, आणि पाहुणे गावातल्या घरांमध्येच राहतात त्यामुळे पैसा गावातच राहतो, आम्हाला विचाराल तर सगळ्या कोकणातलं हे सगळ्यात शहाणं मॉडेल आहे.

पिल्लं साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बाहेर येतात. अंड्यांना पन्नासएक दिवस लागतात पण नक्की तारीख कासवच ठरवतं, म्हणून आधी फोन करून, आज किती घरटी तयार आहेत विचारून मगच निघा, आणि दोन रात्री ठेवा, म्हणजे एक दिवस काही नाही निघालं तरी मुलं हिरमुसत नाहीत. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पिल्लं सोडतात. दोरीच्या पलीकडे जायचं नाही, फ्लॅश नाही, पिल्लू हातात घ्यायचं नाही, आणि ते उलटं पडलं तरी तुम्ही धावायचं नाही, घरटी राखणारे गावातले ‘कासव मित्र’ बघतात. मदतीचं म्हणाल तर रात्रीची गस्त त्यांचं काम आहे, त्यात घुसू नका. दुपारी मुलांना घेऊन भरतीच्या रेघेवरून चाला आणि गोणीभर प्लास्टिक उचला, फक्त ती गोणी गावात न ठेवता गाडीतून नाशिकला परत आणा, गावाकडे कचऱ्याची गाडी रोज येत नाही. अंजर्ले, हरिहरेश्वर इथेही घरटी असतात आणि तिकडे गर्दी थोडी कमी असते.